चौदा वर्षं उभी असलेली आजोबांची लॅम्ब्रेटा: रंग नंतर, आधी सील

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मी काय समजलोय ते तुम्हालाही कळेल. पंचवटीतल्या वाड्यात आजोबांची १९६८ ची लॅम्ब्रेटा जिन्याखाली चौदा वर्षं उभी आहे. मेकॅनिक म्हणतो, सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून घासून थोडा रुंद करून, नवा पिस्टन टाकू. पेंटर म्हणतो, आधी गाडी पूर्ण खोलून रंग करून घ्या, बाकीचं मग बघा. जुन्या गाड्या बाळगणारे ओळखीचे लोक म्हणतात, कंपनीतून निघाली तशी हुबेहूब करा, नाहीतर हातच लावू नका. पैसे सध्या एकाच कामापुरते आहेत आणि दिवाळीनंतर याच मंडळींच्या रविवारच्या फेरीत त्र्यंबकला जायचंय. सुरुवात कुठून करू?

मी सातपूरला टूलरूममध्ये काम करतो, मेकॅनिक नाही. पण गेली वीस-बावीस वर्षं घरी एक विजय सुपर, एक तुमच्यासारखीच लॅम्ब्रेटा एलआय १५० आणि एक जुनी बजाज १५० सांभाळतोय, आणि दुसऱ्यांच्या सहा-सात गाड्या उठवायला हात लावलाय. त्या अनुभवावरून सांगतो. तुम्हाला सल्ला देणारे तिघेही चुकीचं बोलत नाहीत, फक्त तिघांच्या डोळ्यांसमोर तीन वेगळ्या गाड्या आहेत. मेकॅनिकच्या डोळ्यांसमोर तक्रार घेऊन परत न येणारी, पेंटरच्या डोळ्यांसमोर फोटोतली आणि मंडळींच्या डोळ्यांसमोर प्रदर्शनातली. तुम्हाला कुठली हवी ते तुम्ही सरळ लिहिलं नाहीत. पण जाता जाता लिहिलंत की फूटबोर्डवर आजोबांच्या चपलांनी रंग झिजलाय आणि बाबा म्हणतात तेवढा भाग तसाच ठेव. मी त्यावरून धरून चालतो की तुम्हाला चालणारी, थांबणारी आणि आजोबांचीच वाटणारी गाडी हवी आहे. तसं नसेल, म्हणजे विकायची किंवा स्पर्धेत उतरवायची असेल, तर खालचा क्रम बदलेल.

माझा क्रम असा: इंजिनची रबरी सीलं, ब्रेक आणि टायर, वीज, कागदपत्रं, आणि सगळ्यात शेवटी रंग. हा मी शहाणपणाने ठरवला नाही, घोटीजवळ शिकलो. २००४ साली सिन्नरहून विजय सुपर घेतली आणि होते-नव्हते ते पैसे रंगावर घातले. आकाशी आणि पांढरा, दोन रंगांत. गाडी अशी दिसायची की सिग्नलला लोक थांबून बघायचे. इंजिन चालू होत होतं, म्हणून उघडलं नाही. दोन-तीनशे रुपयांची सीलं ‘पुढच्या पगारात’ म्हणून ठेवली. मग बायकोला मागे बसवून इगतपुरीला निघालो. घोटी जवळ आली आणि एरवी टकटक चालणारं इंजिन जरा जास्तच मोकळं, उत्साहात पळायला लागलं. मला बरं वाटलं! दोन मिनिटांत ‘चीं’ असा आवाज आला, मागचं चाक जागच्या जागी धरलं गेलं आणि गाडी सात-आठ मीटर घासत गेली. क्लच दाबायचं मला उशिरा सुचलं. आडवे झालो नाही हे नशीब. मागून बायकोने विचारलं, “आलं का इगतपुरी?”

भाजीच्या रिकाम्या टेम्पोतून गाडी परत आणली. उघडली तर पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला उभे ओरखडे, आणि मॅग्नेटच्या (इंजिनच्या टोकाला फिरणारं चुंबकांचं चाक) बाजूचं सील हातात घेतलं तर काचेच्या बांगडीसारखं कडक. वाकवलं तर कट्‌ करून तुटलं.

यामागचं कारण समजून घेतलंत तर पुढचं सगळं आपोआप समजेल. टू-स्ट्रोक इंजिनात हवा, पेट्रोल आणि ऑइल यांचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या क्रँकच्या पेटीत, ओढलं जातं, मग तिथून सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे क्रँककेस हा एक पंपच आहे, आणि क्रँकच्या दोन टोकांची रबरी सीलं त्या पंपाची झाकणं. चौदा वर्षं उभ्या गाडीत हे रबर वाळतं. मॅग्नेटच्या बाजूचं सील गळलं की बाहेरची कोरडी हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल-ऑइल कमी), इंजिन आधी जोरात पळतं, मग तापतं, मग पिस्टन फुगून धरतो. चेनच्या बाजूचं गळलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं, प्लग ओला होतो आणि मागे पांढऱ्या धुराचा पडदा. दुसऱ्या प्रकारात गाडी फक्त लाज काढते, पहिल्या प्रकारात जीव धोक्यात घालते. म्हणून अॅक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनचा आवाज लगेच खाली येत नसेल, वरच घुटमळत असेल, तर ‘काय पिकअप आहे’ म्हणू नका, गाडी बंद करा.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. पहिली गोष्ट, किक मारू नका. घरी आलेला प्रत्येक पाहुणा हौसेने एक किक मारून बघतो, त्यालाही मारू देऊ नका. रिंगांना गंज धरला असेल तर एका किकमध्ये रिंग तुटू शकते, आणि मग जो बोअर वाचला असता तो खरंच करावा लागतो. प्लग काढा, भोकातून दोन-तीन चमचे टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी मॅग्नेटचा पंखा हाताने हळूहळू पुढे-मागे फिरवा. फिरला तर पेढे वाटा. नाही फिरला तर डिझेल आणि ऑइल मिसळून ओता आणि चार-पाच दिवस वाट बघा, रोज थोडं हलवून बघा. हातोडा नाही, पान्याला पाइप लावून जोर नाही.

प्लग काढलाच आहे तर त्याच्या आट्यांची लांबी बघून घ्या. एलआयला आखूड आट्यांचा प्लग लागतो, एनजीकेचा बी७एचएस मी वापरतो. कुणीतरी मध्ये लांब आट्यांचा घातला असेल तर तो आत पिस्टनपर्यंत पोचतो. एका गाडीत पिस्टनच्या माथ्यावर प्लगने पाडलेला खड्डा मी बघितलाय.

मग पंख्यावरचं आणि सिलिंडरवरचं पत्र्याचं आवरण काढा. लॅम्ब्रेटाचा सिलिंडर गाडीच्या पोटात आडवा झोपलेला असतो, त्याला वाऱ्याचा झोत लागत नाही. मॅग्नेटवरचा पंखा हवा फेकतो आणि हे आवरण ती हवा सिलिंडरच्या पाकळ्यांवरून फिरवतं. वाड्यात उभ्या गाडीत तिथे काय सापडेल सांगता येत नाही. माझ्या एलआयमध्ये कुंभारमाशीने मातीची पाच घरं बांधली होती, पाकळ्यांच्या मधोमध, सुपारीएवढी, अगदी नीट लिंपलेली. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. तशीच चालवली असती तर सिलिंडरचा एक कोपरा तापून बसला असता. लाकडी काडी आणि रॉकेलचा ब्रश घेऊन एक संध्याकाळ त्यात गेली. हे आवरण परत लावताना ‘राहू दे, हवा मोकळी लागेल’ असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका. आवरणाशिवाय पंख्याची हवा इकडे-तिकडे उधळते आणि इंजिन जास्त तापतं.

तुमचा मेकॅनिक इंजिन उघडायला सांगतो ते मला पटतं, पण वेगळ्या कारणासाठी. चेनच्या बाजूचं सील बदलायला क्रँक बाहेर काढावा लागतो. म्हणजे इंजिन उघडायचंच आहे. पण उघडल्याबरोबर बोअर करायचा का, हे मोजल्याशिवाय ठरवू नका. एलआय १५० चा मूळ बोअर ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोक ५८, म्हणजे १४८ सीसी. सिलिंडर अंबड किंवा सातपूरच्या कुठल्याही चांगल्या लेथवाल्याकडे न्या, बोअर डायल गेजने वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी मोजून आकडे कागदावर लिहून घ्या. झीज आणि अंडाकृतीपणा मर्यादेत असेल तर हलकं होनिंग (आतून बारीक घासणं) आणि नव्या रिंगा एवढ्यावर भागतं. प्रत्येक बोअर म्हणजे सिलिंडरच्या आयुष्यातला एक हप्ता खर्च झाला, आणि जुनं ओतीव लोखंड आज विकत मिळत नाही. आजोबांनी गाडी जपून चालवली असेल तर तो हप्ता तुमच्या मुलासाठी शिल्लक राहू द्या. ओरखडे नखाला लागत असतील तर मात्र बोअर टळणार नाही. तेव्हा कंजुषी नको.

इंजिन पुन्हा जोडून झाल्यावर आणि गाडीत चढवण्याआधी मी हवेची चाचणी घेतोच. इनलेट आणि एक्झॉस्ट रबर आणि पट्टीने बंद करायचे, प्लगच्या भोकातून सायकलच्या पंपाने ५-६ पीएसआय हवा भरायची, आणि गेजचा काटा पाच मिनिटं हलत नाही ना ते बघायचं. हलला तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा कुठून येतो ते दिसेल. गॅरेजमध्ये हे सहसा कुणी करत नाही, वेळ जातो म्हणून. तुम्ही शेजारी उभं राहून करून घ्या, चहा पाजा.

इथे हत्यारांबद्दल दोन गोष्टी सांगतो. मॅग्नेट काढायला त्याचाच पुलर लागतो. क्लच खोलताना त्याच्या स्प्रिंगा दाबून धरायला क्लच कॉम्प्रेसर लागतो. छिन्नी-हातोड्याने काढतो म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नका. दुसरं, इटालियन लोकांनी या इंजिनात ७ मिलिमीटरचे स्टड बरेच वापरलेत, त्यांना ११ नंबरचा पाना लागतो. आपल्याकडच्या दुकानात ६ आणि ८ चे नट पोत्याने मिळतात, ७ चा शोधावा लागतो. मग मेकॅनिक काय करतो, तर भोकात आटे पाडायचा ८ चा टॅप फिरवतो. माझ्या पहिल्या गाडीच्या केसिंगला असंच एकाने केलं होतं. अॅल्युमिनियमची भिंत तिथे मुळातच पातळ, पुढच्या पावसाळ्यात तिला केसाएवढी चीर गेली आणि गिअर ऑइल पार्किंगच्या फरशीवर. ज्याने केलं त्याला आजही वाटतं त्याने मजबूत काम केलं. ७ चे नट-बोल्ट आधीच आणून एका डबीत घालून मेकॅनिकच्या हातात द्या. वाद होत नाही.

सुट्या भागांच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, आणि त्यामागे एक मजेदार कारण आहे. मिलानच्या इनोसेंटी कंपनीने १९४७ मध्ये ही स्कूटर काढली, शहरातल्या लाम्ब्राते भागात त्यांचा कारखाना, त्यावरून नाव लॅम्ब्रेटा. तिकडे १९७१ मध्ये ती बंद पडली आणि सगळी यंत्रसामग्री आपल्या सरकारने विकत घेतली. १९७२ मध्ये लखनौला स्कूटर्स इंडिया लिमिटेड उभी राहिली, तिथून विजय डिलक्स आणि विजय सुपर निघाल्या, त्या १९९७ पर्यंत. म्हणजे जगात सगळ्यात शेवटी लॅम्ब्रेटा बनवणारे आपणच. तुमची गाडी मात्र त्याआधीची, मुंबईच्या एपीआयने, म्हणजे ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने, बनवलेली. हेडलाइट हँडलबरोबर वळतो म्हणालात, ते जुळतं. विजय सुपरचे बरेच भाग तिला चालतात, सगळे नाहीत. म्हणून दुकानात नाव सांगू नका, जुना भाग पिशवीत घालून न्या आणि कॅलिपरने मोजून घ्या. सील आणि बेअरिंगवर छापलेला नंबर वाचा आणि नामांकित बेअरिंग कंपनीचंच घ्या. बिननावाच्या पाकिटातल्या सीलने वाचवलेले शंभर रुपये घोटीला नेतात, हे वर सांगितलंच.

विजेचं थोडक्यात. सीबी पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा संपर्क) घासून ०.३५ ते ०.४५ मिलिमीटर फट ठेवा, फीलर गेजने, ब्लेडने किंवा अंदाजाने नाही. गाडी थंड असताना चालू होते, चार-पाच किलोमीटरवर बंद पडते, वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होते, अशी तक्रार आली तर आधी कंडेन्सरवर संशय घ्या, मग कॉइलवर. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का, याचं उत्तर तुमच्या वापरावर आहे. रोज ऑफिसला न्यायची असेल तर बसवा. महिन्यातून दोन रविवार काढायची असेल तर पॉइंट पुरे, कारण रस्त्याच्या कडेला पॉइंट दुरुस्त करता येतो, जळलेला इलेक्ट्रॉनिक बॉक्स करता येत नाही. बसवलंत तरी जुनी प्लेट आणि मॅग्नेट भंगारात देऊ नका.

पेट्रोलच्या टाकीला मात्र वेळ द्या. टाकी बाहेर काढा, आत मूठभर जुने नट आणि लिटरभर डिझेल घालून चांगली हलवा, दोन-तीनदा. गंज जास्त असेल तर गंज काढायचं आम्ल वापरून लगेच धुवा आणि वाळवा. आतून लेप मारायचा मोह होतो, मी टाळतो. आता पंपावरचं साधं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे, आणि हलक्या दर्जाचा लेप त्यात सुटून पापुद्रे थेट कार्बोरेटरमध्ये येतात. इथेनॉलचे आणखी दोन उपद्रव आहेत. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात महिनाभर उभ्या टाकीच्या तळाशी पाणी साचतं. आणि त्याला जळायला हवा कमी लागते: पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग, इथेनॉलला ९. म्हणजे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) आजचं पेट्रोल घातलं की मिश्रण मुळातच थोडं पातळ पडतं. मी माझ्या दोन्ही लॅम्ब्रेटांचा मेन जेट एक नंबर वाढवला आणि प्लगचा रंग बघत गेलो. चहाच्या रंगाचा हवा, पांढरट दिसला तर अजून वाढवा. घरी आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत काही उरत नाही. कॉकमधली सीलं आणि पेट्रोलची नळी नवी घाला, जुनं रबर या पेट्रोलमध्ये फुगतं.

ऑइल किती घालायचं यावर चार मालक बसले की पाच मतं निघतात. खरं म्हणजे ते तुमच्या कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) वरच्या टोकाला काय आहे यावर आहे. जुन्या एलआयला तिथे ब्राँझचा बुश असायचा, त्याला ४ टक्के, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर सांगितलेलं आहे. नंतरच्या इंजिनात सुयांचं बेअरिंग आलं, त्याला २ टक्के पुरतं. पन्नास वर्षांत तुमच्या इंजिनात कुणी काय बदललं असेल ते उघडल्यावरच कळेल. बुश निघाला तर ४० वर राहा, आजचं ऑइल चांगलं असलं तरी. बेअरिंग निघालं तर मी ३० घालतो. थोडा धूर होतो, शेजारी बोलतात. गिअरबॉक्समध्ये साधं ९० नंबरचं ऑइल, साधारण ७०० मिलिलिटर. ईपी (जास्त दाबासाठी रसायनं मिसळलेलं) लिहिलेलं मी टाळतो, कारण क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो आणि घसरायला लागतो. हे वाचणाऱ्या बजाज १५० वाल्यांनी हा आकडा उचलू नये, त्यांना ३० नंबरचं पाव लिटर. आणि किकआधी गाडी तिरकी करायची सवयही त्यांचीच. बजाजचं, म्हणजे व्हेस्पाचं, इंजिन उजव्या बाजूला लटकलेलं, लॅम्ब्रेटाचं मधोमध. लॅम्ब्रेटा तिरकी करणारा माणूस दिसला की समजावं, हा बजाजच्या घरातला.

ब्रेक आणि चाकांबद्दल वाचताना कृपया सावकाश वाचा. चौदा वर्षांचे टायर कितीही गुबगुबीत दिसले तरी टाकून द्या. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नवा घेतानाही ते बघा. साइज ३.५०-१०. आता महत्त्वाचं: या गाडीची रिम दोन अर्ध्या तुकड्यांची, नट-बोल्टने जोडलेली असते. हवा पूर्ण काढल्याशिवाय, व्हॉल्व्हची सुई काढून हाताने दाबून खात्री केल्याशिवाय, ते नट सोडू नका. हवा असताना सोडले तर रिमचे दोन भाग गोळीसारखे उडतात. पंक्चरवाल्या नव्या पोरांना आता हे माहीत नसतं, त्यामुळे तुम्ही समोर उभे राहा. ब्रेकचे जुने लायनर बदला आणि ड्रममधली धूळ हवेच्या नळीने उडवू नका, त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या. मागच्या हबचा (चाकाचा मधला भाग) मोठा नट घट्ट आहे का आणि त्याचा टॅब वॉशर वाकवून बसवलाय का तेही बघा. तो ढिला राहिला तर हब शाफ्टच्या दात्यांवर खेळत राहतं आणि एक दिवस दाते गुळगुळीत होतात.

एवढं झालं की गाडी चालेल आणि थांबेल. रंग अजून जुनाच आहे, आणि पहिले ३०० किलोमीटर तो तसाच असू द्या, कारण या काळात गाडी दोन-तीनदा तरी पुन्हा उघडावी लागते आणि नव्या रंगावर पाना निसटला की जीव कळवळतो.

कागदपत्रं आजोबांच्या नावावर असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, आणि नोंदणीचं नूतनीकरण करायला फॉर्म २५. हरित कर भरावा लागेल, नवी सुरक्षा नंबरप्लेटही. केंद्राने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी आणलीय, नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरमध्ये ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. तुमची गाडी वयाने बसते. पण त्या नोंदणीवर गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. तुम्हाला त्र्यंबकला जायचंय, वाटेत वडापाव खायचाय, तर साधं नूतनीकरणच बरं. आणि कुठल्याही तपासणीआधी चासी नंबर आणि इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या, दोन प्रती. पेंटरला बजावा की नंबरावर पुट्टी किंवा पावडर कोटिंग चढता कामा नये. रंगाच्या जाड थराखाली बुजलेला नंबर कार्यालयात तुम्हाला महिनाभर फिरवतो.

रंगाबद्दल माझं मत विचारलंत तर, फूटबोर्ड तसाच ठेवा, त्यावर पारदर्शक लाख मारा म्हणजे गंज थांबेल. बाकी पत्र्यावर जिथे गंज आहे तेवढाच खरवडून रंग लावा. मंडळींपैकी काहीजण नाकं मुरडतील. मुरडू द्या. त्यातल्या एकाची गाडी मी चार वर्षं फक्त टेम्पोतून उतरताना बघितलीय.

मंडळींबद्दल एवढं बोललो खरा, पण त्यांच्याशिवाय ही गाडी सांभाळता येत नाही हेही खरं. कुणाकडे जुना कार्बोरेटर पडलेला असतो, कुणाला लखनौचा पत्ता माहीत असतो, कुणी फक्त आवाज ऐकून सांगतो की सिलेन्सर चोंदलाय. पहिल्या फेरीला गंगापूर धरणापर्यंतच या. त्र्यंबक २८-३० किलोमीटर आहे, ते दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, एका अर्थी बरंच, नाहीतर कुणीतरी तिथे ऐंशीने पळवून बघितली असती. सुरुवातीला ४५ च्या वर जाऊ नका, आणि डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवा. इंजिनने ‘चीं’ म्हणायच्या आत बोटं दाबली गेली पाहिजेत. आमच्यातल्या सगळ्यांची ती दोन बोटं वाकडी झालीत असं आम्ही एकमेकांना चिडवतो.

आणि कधी कसारा घाट उतरायची वेळ आली तर नव्या गाड्यांची सवय विसरा. चारचाकीत आपण गिअरमध्ये ठेवून, पाय काढून उतरतो. इथे अॅक्सिलरेटर पूर्ण बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि ऑइल पेट्रोलमधूनच येत असल्याने ऑइलही बंद, तर इंजिन मात्र उताराने जोरात फिरतंय. सुका पिस्टन तापतो. म्हणून गिअरमध्येच उतरा, पण दर अर्ध्या-एक मिनिटाला क्लच दाबून थोडा अॅक्सिलरेटर द्या, इंजिनला घोटभर ऑइल पाजा, मग पुन्हा सोडा. मागून येणारे ट्रकवाले वैतागतात, पण त्यांना तुमच्या पिस्टनशी देणंघेणं नाही.

तर आज संध्याकाळी प्लग काढून ऑइल सोडा, आणि उद्या पंखा हाताने फिरतो का तेवढंच कळवा. फिरला तर पुढचं लिहितो. जमलं तर पंख्याच्या आवरणाखालचा एक फोटोही टाका, माश्यांची घरं मोजू. मॅग्नेटचा पुलर नवा विकत घेऊ नका, माझ्याकडचा न्या. फक्त नेल्यावर परत आणून द्या. आधीचा एकजण २०१९ मध्ये घेऊन गेलाय, तो हे वाचत असेल तर त्यालाही हेच सांगणं आहे.